झांझिबारमधील वर्ग : भारत-आफ्रिका शैक्षणिक सहकार्याची बदललेली दिशा



म्हैसूरच्या राजवाड्यापासून जवळच अग्रहार नावाची जुनी वस्ती आहे. अग्रहार म्हणजे विद्वानांच्या निर्वाहासाठी राजाने करमुक्त करून दिलेली जमीन किंवा गाव. गुरूच्या चरितार्थाची सोय झाली की तो एका जागी स्थिरावतो आणि शिष्य दुरून त्याच्याकडे येतात, असा या व्यवस्थेचा हिशेब होता. अर्थात, ही दारे सर्वांना खुली नव्हती. पुढे १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. १९५० मध्ये याच शहरात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली आणि साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तेथे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. धान्य टिकविणे, फळांवर प्रक्रिया करणे ही विद्या शिकण्यासाठी आशिया व आफ्रिकेतील प्रशिक्षणार्थी म्हैसूरला येऊ लागले.

भारत आणि आफ्रिका यांच्यातील शैक्षणिक संबंध दीर्घकाळ असेच राहिले. विद्यार्थी तिकडून येणार आणि शिकविणारा भारत. १९६४ मध्ये सुरू झालेला भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम, भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या, तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या कल्पनेतून साकारलेले आणि २००९ मध्ये कार्यान्वित झालेले पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क, या सर्वांचा प्रवाह एकाच दिशेचा होता. आफ्रिकेत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांची मुलेही शिक्षणासाठी इकडेच येत. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील गोमंतकीय नेते पिओ गामा पिंटो यांचा जन्म नैरोबीचा; त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण मात्र धारवाडला झाले. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजलेला गायक फारोख बलसारा झांझिबारमध्ये जन्मला आणि शाळेसाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणीला आला.

या प्रवाहाला २०२३ मध्ये वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र युगांडातील जिंजा येथे सुरू झाले. जुलैमध्ये भारताचे शिक्षण मंत्रालय, मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि झांझिबारचे शिक्षण मंत्रालय यांच्यात सामंजस्य करार झाला. भारताबाहेर स्थापन झालेले आयआयटीचे हे पहिलेच संकुल. नोव्हेंबरमध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. त्याची धुरा प्रीती अघालयम यांच्याकडे सोपविण्यात आली. आयआयटीच्या एखाद्या संकुलाचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांतील चार वर्षांची बी.एस. आणि दोन वर्षांची एम.टेक. या दोन अभ्यासक्रमांनी प्रारंभ झाला. पदवी मद्रासच्या संस्थेचीच. प्रवेश मात्र जेईईद्वारे नसून स्वतंत्र चाळणी परीक्षा व मुलाखतीद्वारे होतो आणि तो भारतीय विद्यार्थ्यांसही खुला आहे.

या संकुलाकडे भारताने आफ्रिकेला दिलेली आणखी एक देणगी एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. येथे भारतीय विद्यार्थी आफ्रिकी सहाध्यायांच्या शेजारी बसून शिकतो. जेथे हा विद्यार्थी यजमान नसून पाहुणा असतो, तेथे त्याचे शिक्षण वर्गाबाहेरही होते. झांझिबारचे स्टोन टाऊन २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या गल्ल्यांत अरबी, आफ्रिकी व कच्छी-गुजराती व्यापाराच्या खुणा आहेत. या बेटांची लवंग मुंबईच्या बाजारात येत असे. तेथील लवंग-व्यापाराच्या कायद्यांनी भारतीय व्यापाऱ्यांवर गदा आली, तेव्हा १९३७ मध्ये भारतात झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारण्यात आला आणि पुढल्या वर्षी तडजोड झाली. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग क्वचितच भेटतो. त्या बहिष्काराची झळ मळ्यांतील मजुरालाही कशी लागली असेल, हा प्रश्न मुंबईत बसून सहसा सुचत नाही.

अडचणीही लहान नाहीत. पहिली अडचण खर्चाची. प्रारंभी पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क १२,००० अमेरिकी डॉलर होते. तेव्हाच्या दराने ते दहा लाख रुपयांच्या घरात जाते, तर देशातील आयआयटीत बी.टेक.चे वार्षिक शिकवणी शुल्क साधारण दोन लाख रुपये. एम.टेक.चे शुल्क ४,००० डॉलर, म्हणजे बरेच कमी. दुसरी अडचण धोरणाची असून तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० विद्यापीठांचा निकष लावला जातो. या निकषात केपटाऊन किंवा कैरो बसते. पण १९२२ पासून ज्ञानदान करणारे कंपालाचे मकेरेरे आणि दार-एस-सलामचे विद्यापीठ बसत नाही. आफ्रिकी समाज, शेती किंवा स्वाहिली भाषा यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या गरीब घरच्या विद्यार्थ्याला नेमकी हीच विद्यापीठे हवी असतात. आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षपदाच्या काळात मिळाले, हे लक्षात घेता ही विसंगती अधिकच जाणवते. आफ्रिकेविषयी बोलणारे मुत्सद्दी आपल्याकडे आहेत. तेथे शिकून आलेले अभ्यासक मात्र मोजकेच.

परदेशी पदवीच्या समकक्षतेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले आहेत. आफ्रिकेतील कोणत्याही विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी ते वाचणे हिताचे. वैद्यकीय शाखेसाठी २०२१ चे नियम वेगळे आहेत : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, १२ महिन्यांची आंतरवासिता आणि इंग्रजी माध्यम.

झांझिबारच्या वर्गातही माध्यम इंग्रजीच आहे. बाजारात मात्र स्वाहिली लागते. मराठी विद्यार्थ्याला ती अगदीच परकी वाटणार नाही, कारण दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, वाहनाला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, आणि चपातीला चपातीच.