हा कोड कुठल्या गावचा?

फोनवर ०२१६२ ने सुरू होणारा मिस्ड कॉल दिसला, तर पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी चाळावी लागायची. आता एसटीडी कोड शोधून देणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर हे आकडे टाकले, की ‘सातारा’ असं उत्तर येतं. उलटंही जमतं, गाव टाका, कोड मिळवा. उत्तर आलंच नाही, तर सुरुवातीचा शून्य काढून बघा. खरं तर शून्य हा कोडचा भागच नव्हे, ती परगावी फोन लावायची खूण. म्हणून तर परदेशातून पुण्याला फोन लावताना ९१ नंतर थेट २० येतात.

शून्य वगळला, की कोड आणि नंबर मिळून आकडे १०च भरतात. मुंबईचा कोड २२, म्हणून तिथले नंबर ८ आकडी. साताऱ्याचा कोड ४ आकडी, म्हणून नंबर ६ आकडी. हिशोब जुळला नाही, तर नंबर उतरवण्यातच गफलत झालेली असते.

मोबाइलचं गणित वेगळं. जुलै २०१५ पासून तोच नंबर देशभर कुठेही नेता येतो. त्यामुळे वेबसाइट जे राज्य दाखवते, ते फार तर त्या नंबरचं माहेर. बोलणारा आज कुठेही असेल. आणि ‘लाइव्ह लोकेशन दाखवतो’ म्हणत कुणी तुमचे कॉन्टॅक्ट मागितले, तर ते पान तिथंच बंद करा.