राजकन्येची अंगठी



२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनला राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले. तिच्या झग्यावरच्या १०,००० बारीक मोत्यांची वर्णने पुष्कळ झाली; मला सांगायचे आहे ते अंगठीविषयी. वर फिलिप, खिसा तसा रिकामाच. त्याची आई, राजकन्या ॲलिस, जन्मापासून बहिरी, ग्रीसमधून परागंदा झालेली. तिने आपला हिऱ्यांचा मुकुट मोडायला दिला. (दागिना मोडणे म्हणजे काय, हे आपणांस का सांगायला हवे?) त्या हिऱ्यांची सुनेला अंगठी झाली, कंकणही झाले. पण ॲलिसच्या हयात तिन्ही मुली जर्मनांच्या घरी दिलेल्या. युद्ध नुकतेच संपलेले, म्हणून त्यांना भावाच्या लग्नाचे आमंत्रणच नव्हते. आईने मागाहून सारा सोहळा पत्रातून त्यांना लिहून कळविला.