साखरेचा डबा



सहा वर्षांनी माझा कॅन्सर उलटला. आमच्या साताऱ्याच्या घरात हाच शब्द वापरला गेला, टायफॉइड उलटावा तसा. पहिल्या वेळी स्तनात होता, या वेळी पाठीच्या मणक्यात निघाला. पेट स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आम्ही पुण्याहून परतलो आणि मी तडक स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा उचलला, तो शेजारच्या वहिनींना देऊन आले. त्यांना वाटलं, उसनी नेलेली साखर परत करतेय.

पहिल्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं होतं, आता काय करायचं? या वेळी मनात एकच चाललेलं : माझं काय चुकलं? सहा वर्षांतली श्रीखंडं आठवली. गणपतीतले मोदक आठवले. मग सकाळी दुधीचा रस, अकरा वाजता गव्हांकुराचा, संध्याकाळी गाजर-बीटचा. दूध बंद, भात बंद, अंडी बंद. वन्सं कऱ्हाडहून गुळवेल घेऊन आल्या. कुणी लक्ष्मणफळाची पानं पाठवली. एवढं सगळं करताना मला बरं वाटायचं, हे कबूल करते. किमो डॉक्टरांच्या हातात. निदान मिक्सर तरी माझ्या हातात होता.

दोन महिन्यांत एकसष्ट किलोंची मी चौपन्नावर आले. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून एक किमो पुढे ढकलावा लागला. तेव्हा डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझी रसांची वही शांतपणे वाचली आणि विचारलं, ‘‘काकू, यात जेवण कुठंय?’’

साखरेचं त्यांनी नीट समजावलं. ओटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1920च्या दशकात पाहिलं, की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार खातात. ते खरंच आहे. पेट स्कॅन त्याच गुणावर चालतो. पण म्हणून साखरेचा डबा हलवला की गाठ उपाशी मरते, असं होत नाही. आपण पुरेसं खाल्लं नाही तर यकृत अंगातले स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं. म्हणजे उपाशी मी राहत होते, गाठ नव्हे. गोड कमी खावं, ते वजनासाठी आणि मधुमेहासाठी. तो हिशेब वेगळा.

मग त्यांनी एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या 3088 बायका. निम्म्या जणींना भरपूर भाज्या, भाज्यांचा रस, फळं आणि कमी चरबीचं जेवण. उरलेल्यांना नेहमीचा आहारसल्ला. सुमारे सात वर्षं पाठपुरावा केला. 2007 साली निकाल आला : एका गटात 16.7 टक्के जणींना कॅन्सर परत झाला किंवा नवा झाला, दुसऱ्या गटात 16.9. ऐकून कुणी निराश होईल. मी बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, पण सुटल्यासारखी. मोदकांनी काही केलं नव्हतं.

आता हिशेब प्रथिनांचा आहे. आजारात दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे मला दिवसाला सत्तरच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम. आमच्याकडचं वरण इतकं पातळ, की वाटीतून तळाची नक्षी दिसते. त्यात प्रथिनं शोधावी लागतात! म्हणून वरण घट्ट झालं. दही आलं, पनीर आलं, भाजलेले दाणे आले. तोंड येतं तेव्हा तिखट बंद, मग मऊ भात, मेतकूट आणि वर तूप. मळमळीला गरम अन्नाचा वास सहन होत नाही, तेव्हा नाचणीची गार आंबील. कच्चे रस बंद केले, कारण पेशी उतरलेल्या असताना नीट न धुतलेलं कच्चं खाणं म्हणजे जंतूंना आवतण. आणि दुधी कडू निघाला तर त्याचा रस धडधाकट माणसाच्याही जिवावर बेततो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले आहेत. वन्संची वेल मी कुंपणावर चढवली. त्या आल्या, की तिला किती पानं फुटली ते मोजतात; मी किती प्यायले ते विचारत नाहीत.

वजन आता सत्तावन्न आहे. मणक्यातला आजार आहे तिथंच आहे, वाढलेला नाही. ते औषधांचं काम. औषधं सोसायला अंगात जोर हवा, तेवढं काम मेतकूट-भाताचं.

एक गोष्ट मात्र बाईंनी उशिरा सांगितली. किमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नये. मळमळ आणि तो पदार्थ मनात एकमेकांना चिकटतात आणि पुढं त्याचं नाव काढलं तरी पोटात ढवळतं. माझी कढी अशीच गेली, पहिल्याच किमोत. फोडणीचा वास आला, की अजूनही मी अंगणात जाऊन उभी राहते. बाकीचे पदार्थ मी जपले आहेत. किमोच्या बुधवारी सकाळी ह्यांच्या हातचा उपमा खाऊन निघते. उपम्याशी माझं तसंही कधी पटलं नाही.