पहिला नंबर देतो म्हणणाऱ्याचा फोन

आज मी आमच्या गटाची एक फजिती सांगायला आले आहे. खरं तर घरातली गोष्ट घरातच ठेवणार होते. पण तालुक्यातल्या आणखी दोन गटांना तसेच फोन आल्याचं कळलं, म्हणून म्हटलं, बोलूनच टाकावं.

आमचा गट बेदाणा विकतो. आपल्या जतमध्ये टँकरनं पाणी घालून द्राक्षबागा जगवल्यात लोकांनी. चार किलो द्राक्षं वाळली की जेमतेम किलोभर बेदाणा हाती येतो. तो निवडायचा, देठ काढायचे, पाकिटं भरायची, हे आम्ही बायका करतो. सचिव अक्कांच्या पुतण्यानं आम्हाला एक साधी वेबसाइट करून दिली होती. शेडचा फोटो, भाव, फोन नंबर, बस्स एवढंच. तरी पुण्या-मुंबईहून दोन किलो, पाच किलो अशी मागणी यायची. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून लोक नाव टाकून शोधतात आणि शोधता शोधता आमच्यापर्यंत पोचायचे.

मग एक दिवस फोन आला. "मॅडम, तुमची साइट गुगलवर खाली आहे. पंधरा हजारांत पहिला नंबर देतो, गॅरंटी." दिवाळी तोंडावर होती. आम्ही बैठक घेतली, दोघी-तिघी नको म्हणाल्या, बाकीच्यांनी हो म्हटलं. हो म्हणणाऱ्यांत मीही होते. बचतीतले पंधरा हजार गेले.

महिनाभर साइट खरंच वर दिसली. आम्ही खूश! मग एकाएकी फोन यायचे थांबले. आम्हाला वाटलं रेंज नसेल. शेवटी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी नातेवाइकांकडून नंबर मिळवून विचारलं, "ताई, धंदा बंद केला का? गुगलवर तुम्ही कुठंच नाही." त्या माणसाला फोन लावला, तर तो उचलेना. दिवाळीचा माल शेडमध्ये तसाच पडून राहिला.

गटातल्याच एकीची मुलगी मिरजेला कॉम्प्युटर शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिनं साइट उघडली आणि आमच्या पानावरच्या मोकळ्या पांढऱ्या जागेवरून बोट ओढलं. तर काय, तिथं अक्षरं उमटली! पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. 'बेदाणा, स्वस्त बेदाणा, उत्तम बेदाणा, सांगली बेदाणा', शंभर वेळा तेच. माणसाला दिसू नये आणि गुगलच्या यंत्राला मात्र वाचता यावं, म्हणून ते लपवून लिहिलेलं. पुढं बघितलं तर मिरज, तासगाव, विटा, सोलापूर, पुणे अशा प्रत्येक गावाचं वेगळं पान. मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. आमचं पुण्यात दुकान कुठलं हो?

तिसरी गोष्ट तर मला समजायलाच वेळ लागला. दुसऱ्या साइटनी आपल्या साइटचा दुवा दिला, की गुगल त्याला एक प्रकारची साक्ष समजतं. चार भल्या माणसांनी सांगितलं की दुकान चांगलं आहे, तर आपण जातोच ना, तसं. या माणसानं त्या साक्षी विकत घेतल्या होत्या. कुणाच्या, तर जुगाराच्या आणि कसल्या कसल्या औषधांच्या साइटच्या! आमच्या बेदाण्याची शिफारस जुगारी करताहेत, हे ऐकून आमच्या अध्यक्षबाई आधी हसल्या आणि मग डोक्याला हात लावून बसल्या.

बेदाण्याच्या पेटीत वर टपोरा हिरवा माल आणि खाली काळपट भरला, तर व्यापारी एकदा फसतो. दुसऱ्यांदा तो पेटी उलटी करूनच बघतो, आणि पुढच्या सौद्याला आपल्या मालाकडे फिरकतही नाही. गुगलचं तसंच आहे. आणि हे आपल्यासारख्या लहानांनाच होतं असं नाही. 2006 साली बीएमडब्ल्यू या मोठ्या मोटार कंपनीची जर्मनीतली साइट गुगलनं आपल्या यादीतून काढून टाकली होती. यंत्राला एक पान आणि गिऱ्हाइकाला दुसरं, असा प्रकार तिथं होता. 2011 मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानाचं असंच झालं. त्यांच्यासाठी हजारो विकतचे दुवे जोडलेले निघाले आणि त्यांचा नंबर धाडकन खाली आला. त्यांच्याकडे हे सगळं निस्तरायला माणसं होती. आमच्याकडे एक कॉलेजची पोर होती.

तिनं सांगितलं की शिक्षा दोन तऱ्हेची असते. एक गुगलची माणसं स्वतः बघून देतात. ती दिली की गुगलच्या 'सर्च कन्सोल' नावाच्या फुकट सोयीत तसा निरोप येतो, 'मॅन्युअल ॲक्शन्स' या सदरात. दुसरी यंत्रच हिशोब करून आपल्याला खाली ढकलतं. तिचा निरोप येत नाही आणि तिच्यासाठी अर्जही नसतो. चूक काढायची आणि वाट बघायची. आणि हेही ध्यानात ठेवा, खाली गेलो म्हणजे शिक्षाच झाली असं नाही. कधी सण संपतो, कधी दुसऱ्या कुणाचं पान आपल्यापेक्षा चांगलं असतं. म्हणून आधी निरोप आहे का ते बघायचं.

तर आम्ही निरोप बघायला गेलो, आणि खरी अडचण तिथं निघाली. सर्च कन्सोलचं खातं त्या माणसाच्या ईमेलवर! साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, सुदैवानं पुतण्याच्या नावावर होता, म्हणून मालकी सिद्ध करून आम्हाला आमचं खातं उघडता आलं. तोही त्या माणसाच्या नावावर असता तर साइटच हातची गेली असती. मैत्रिणींनो, सातबारा कुणा परक्याच्या नावावर ठेवाल का? डोमेन आणि खातं गटाच्या ईमेलवरच हवं, आणि पासवर्ड निदान दोघींकडे.

निरोप होताच. मग लपवलेली अक्षरं काढली, गावोगावची पानं काढली. दुवे देणाऱ्या साइटना काढून टाका म्हणून लिहिलं. उत्तर कुणी दिलं नाही, तेव्हा 'हे आमचे धरू नका' अशी त्यांची यादी गुगलला दिली. त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज केला. त्यात काय झालं, काय काढलं, सगळं खरं लिहिलं. अर्धं काढून अर्धं ठेवलं तर अर्ज परत येतो. या अर्जाला पैसा लागत नाही. 'शिक्षा उठवून देतो, दहा हजार द्या' असाही एक फोन आम्हाला मधे येऊन गेला! गुगलवर पैसे भरून मिळते ती फक्त जाहिरात, आणि तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. बाकी पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं.

ज्यांची वेबसाइट नाही, पण गुगलच्या नकाशावर गटाचं नाव आहे, त्यांनीही जपा. फलकावर आहे तेच नाव तिथं द्यायचं, त्याला 'सर्वात स्वस्त, उत्तम पापड मसाले' असं शेपूट जोडायचं नाही. आणि पाच चांदण्या द्या, पाव किलो फुकट देतो, असलं तर अजिबात नको. मला वाटतं, यात आपण बायका लवकर फसतो. मामेभाऊ, आतेबहीण, सगळ्यांना आपण हौसेनं चांदण्या द्यायला लावतो. अशानं नकाशावरचं नावच बंद होऊ शकतं. ज्यानं खरंच माल घेतला त्याला 'कसा वाटला ते लिहा' एवढं म्हणावं, मग तो दोन चांदण्या देईना का.

अर्जाचं उत्तर काही आठवड्यांनी आलं, शिक्षा उठली. पण जुनी जागा काही लगेच मिळाली नाही. आम्ही पान नव्यानं लिहिलं. द्राक्षं कुठल्या गावची, रॅकवर किती दिवस वाळतात, निवडायला कोण बसतं, टपालखर्च किती, काळा बेदाणा कशाला चांगला, हे सगळं आम्ही बोलत गेलो आणि पोरीनं टाइप केलं. उमदीकडच्या आमच्या एक काकू कानडी बोलतात. कानडी पान यंत्रानं करून बघितलं होतं, ते त्यांनी वाचलं आणि हसून हसून पुरेवाट झाली. मग त्यांनीच सांगून ते नीट करवून घेतलं.

आता आम्ही पहिल्या नंबरावर नाही, पहिल्या पानावर तळाला कुठंतरी असतो. पुण्याच्या त्या बाईंनी संक्रांतीला तीन किलो मागवला. पंधरा हजारांचा खड्डा अजून भरायचा आहे. दर बैठकीला तो वहीत वाचला जातो, आणि नको म्हणणाऱ्या दोघी-तिघी तेव्हा माझ्याकडे बघतात.