लाल फीत, लाल शाई

फाईल महिनोन्‌महिने अडकली की आपण 'लालफितीचा कारभार' म्हणतो. हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कोर्टाची कागदपत्रं तांबड्या फितीनं बांधत. तिथले बॅरिस्टर आजही गुलाबी फीत वापरतात. कागद नीट राहावेत म्हणून आलेली ही साधी फीत दिरंगाईची खूण ठरली. १८५० च्या सुमारास लेखक कार्लाईल आणि डिकन्स यांनी तिच्यावर सडकून टीका केली, तेव्हा हा अर्थ घट्ट रुजला.

मला मात्र लाल रंगाचाच दुसरा इंग्रजी वाक्प्रचार, 'रेड लेटर डे', अधिक प्रिय. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या दिनदर्शिकेत सणांचे दिवस लाल शाईनं लिहीत. त्यावरून कुठलाही आनंदाचा, संस्मरणीय दिवस तो 'रेड लेटर डे'. इंग्लंडच्या हायकोर्टात अशा ठरावीक दिवशी न्यायाधीश लालभडक झगे घालतात.