सहलींतील अनपेक्षित भेटी

सहलीचा बेत ठरतो तो महिनाभर आधीं. कोणत्या वाहनानें जावयाचें, कोठें उतरावयाचें, काय पाहावयाचें आणि काय खावयाचें, यांचीं टिपणें होतात. तिकिटें घरबसल्या काढलीं जातात. छत्र्या, फराळाचे डबे आणि वडील माणसांचीं औषधें आठवणीनें पिशवींत पडतात. इतकी सिद्धता करून निघालेलें कुटुंब परत येतें, तेव्हां शेजाऱ्यांस तें काय सांगतें? पाहिलेल्या स्थळांविषयीं दोन वाक्यें, आणि न ठरवितां जें घडलें त्याविषयीं तासभर. टिपणांतील गोष्टी पैशाच्या मोबदल्यांत मिळतात. आठवणींत राहतात त्या टिपणाबाहेरच्या.

ज्यांना थीम पार्क असें नांव रूढ झालें आहे, त्या करमणुकीच्या बागांत हा अनुभव विशेषच येतो; कारण तेथें सगळेंच आधीं ठरविलेलें असतें. आपल्याकडील जत्रेंत रहाटपाळणा पुष्कळ काळापासून फिरत आला आहे. त्याचें अवाढव्य रूप 1893 सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत फेरिस नांवाच्या अभियंत्यानें उभें केलें. तें चक्र 264 फूट उंच होतें, त्याला 36 खोल्या होत्या, आणि एकेका खोलींत 60 माणसें मावत. पुढें 17 जुलै 1955 रोजीं अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यांची बाग उघडली. पहिल्याच दिवशीं खोट्या प्रवेशपत्रांवर हजारों माणसें आंत शिरलीं, आणि नुकतेंच घातलेलें डांबर उन्हानें इतकें मऊ झालें कीं स्त्रियांच्या उंच टांचा त्यांत रुतून बसल्या. जगांतील सर्वांत काटेकोर योजकाच्या उद्घाटनाची ही कथा आहे. महाराष्ट्रांत मुंबईजवळ गोराई येथें 1989 सालीं एस्सेल वर्ल्ड सुरू झालें, आणि 2013 सालीं खोपोलीनजीक इमॅजिका. तेव्हांपासून पुण्यामुंबईच्या मुलांच्या तोंडीं जत्रेची जागा या बागांनीं घेतली.

पुण्यांतील एखाद्या पेठेंत राहणाऱ्या एका कुटुंबाची श्रोत्यांनीं येथें कल्पना करावी. वडील बँकेंत अधिकारी. आई शाळेंत गणित शिकविते. बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. आषाढांतील एका जोडून आलेल्या सुटीचे दोन दिवस त्यांनीं राखून ठेविले आहेत. पहिला दिवस करमणुकीच्या बागेचा, दुसरा इतिहासाचा.

पहिल्या दिवशीं प्रवेशद्वारांतच एक भलामोठा हत्ती दोन पायांवर उभा राहून सर्वांशीं हस्तांदोलन करीत असतो. मुलें त्याला मिठी मारतात, वडील छायाचित्र घेतात. सात वर्षांचा मुलगा मात्र हत्तीच्या पोटाला तोंड लावून हळूच विचारतो, "आंत उकडतें का हो?" बोलावयाचें नाहीं असा हत्तीला नियम असतो. तो क्षणभर थांबतो आणि मान होकारार्थी हालवितो. मुलगा आपली पाण्याची बाटली पुढें करतो. परंतु एवढ्या मोठ्या मस्तकाला पाणी पिण्याची सोय नसते. हत्ती आपला जाड पंजा मुलाच्या डोक्यावर ठेवतो आणि पुढच्या कुटुंबाकडे वळतो. मुलगा त्यानंतर बराच वेळ कोणाशीं बोलत नाहीं.

मग उलटीसुलटी धांवणारी गाडी येते. आई भित्री आणि वडील धीट, ही त्या घरांतील जुनी वांटणी. त्या वांटणीस अनुसरून वडील आईला धीर देत गाडींत बसतात. गाडी शिखरावरून खालीं झेपावते त्याच क्षणीं कोठेंतरी बसविलेला कॅमेरा सर्वांचें छायाचित्र टिपतो, आणि बाहेर पडतांना तें पडद्यावर दिसतें. आई दोन्ही हात उंचावून खळखळून हंसत आहे. वडिलांचे डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडें, आणि हातांत आईच्या ओढणीचें टोंक. परीक्षेला घाबरूं नये असें रोज सांगणारे वडील मुलगी त्या चित्रांत प्रथमच पाहते. "हें विकत घेण्याची आवश्यकता नाहीं," असें वडील म्हणतात. आई पैसे मोजून तें पिशवींत ठेवते.

पाण्याच्या विभागांत त्यांची प्रतिष्ठा अधिकच संकटांत सांपडते. कृत्रिम लाटांच्या तलावांत रबराच्या कड्यांत बसून ते तरंगत असतांना दुसरें एक कडें त्यांच्यावर येऊन आदळतें, आणि त्यांत बँकेचे विभागप्रमुख बसलेले असतात. कचेरींत ज्यांच्या खोलींत दार ठोठावून जावयाचें, ते साहेब फुलाफुलांच्या आखूड चड्डींत समोर! नमस्कार करावा तर कडें हातचें सुटतें. न करावा तर शिष्टाचार सुटतो. शेवटीं दोघेही पावसाविषयीं दोन शब्द बोलतात, आणि पुढची लाट त्यांना दोन दिशांना घेऊन जाते.

आजी दिवसभर एका बाकावर पिशव्या सांभाळीत बसल्या होत्या. त्यांना कोणत्याही खेळांत बसवावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि त्याही कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्याच बाकावर नाशिकच्या दुसऱ्या एक आजी आपल्या घरच्या पिशव्या राखीत होत्या. चार तासांत दोघींचीं माहेरें, सासरें, गुडघे आणि सुना यांविषयींचें सारें बोलणें संपून पुन्हां सुरू झालें होतें. संध्याकाळीं त्या बागेंतून नवी मैत्रीण घेऊन परतल्या त्या एकट्या आजीच. परंतु ही गोष्ट त्या दिवशीं कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कुटुंब आंबेगांवच्या शिवसृष्टीस गेलें. बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेंतील या ऐतिहासिक उद्यानाचा पहिला टप्पा 19 फेब्रुवारी 2023 रोजीं, पुरंदरे यांच्या निधनानंतर, खुला झाला. तेथील देखावे पाहून बाहेर पडतांना मुलानें विचारलें, "मग खरा किल्ला कोठें आहे?" प्रश्न सरळ होता. महामार्ग समोरच होता आणि दिवस अर्धा शिल्लक होता. गाडी सातारच्या दिशेनें वळली, नसरापुराकडे आंत शिरली, आणि भातखाचरांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यानें मार्गासनीस पोंचली.

मार्गासनी हें वेल्हे भागांतील गांव राजगडाच्या वाटेवर आहे. येथून एक रस्ता साखरवरून गडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गांवाकडे जातो, आणि दुसरा विंझरवरून वेल्ह्याकडे, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशीं. शिवाजी महाराजांनीं रायगडावर राजधानी नेण्यापूर्वीं दोन तपांहून अधिक काळ जेथून राज्य चालविलें, तो राजगड येथून जवळच. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या त्याच्या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. परंतु आषाढांत हें सगळें पुस्तकांतच वाचावें लागतें. त्या दिवशीं ढग इतके खालीं उतरले होते कीं डोंगराचा पायथा तेवढा दिसत होता, आणि फोनवरचा नकाशाही नेमका फाट्यावरच अडून बसला होता.

वडिलांनीं कांच खालीं करून एका वृद्ध गृहस्थांस विचारलें, "मामा, राजगड कोणीकडे?" गृहस्थांनीं ढगांकडे हात केला. मुलानें त्या दिशेस निरखून पाहिलें आणि विचारलें, "किल्ला आज बंद आहे का?" वृद्ध गृहस्थ गंभीरपणें म्हणाले, "बंद नसतो, बाळा. आज झाकून ठेवलाय." नंतर त्यांनीं आपली पाळी घेतली. कुठलं गांव? आडनांव काय? पुण्यांत कोणत्या गल्लींत राहतां? गाडींत पाठीमागें त्या कोण, आई का? आदल्या दिवशीं बागेच्या दारावर या कुटुंबाचीं पांच तिकिटें तपासलीं गेलीं होतीं; तीं कोणाचीं, हें कोणी विचारलें नव्हतें. या खोऱ्यांतून पुण्यामुंबईस पोटासाठीं गेलेलीं माणसें पुष्कळ. त्या गृहस्थांचा पुतण्या याच कुटुंबाच्या पेठेंत वर्तमानपत्रें टाकतो असें निघालें, आणि रोज सकाळीं दाराशीं येणाऱ्या त्या मुलाचें नांव वडिलांना प्रथमच मार्गासनीच्या फाट्यावर समजलें.

रस्त्याच्या कडेला भातलावणी चालली होती. चिखलणी झालेल्या खाचरांत सातआठ स्त्रिया वांकून रोपें लावीत होत्या. पूर्वीं पाठीवर इरलें असे, आतां प्लास्टिकचा कागद असतो. मुलगी चांगलें चित्र मिळावें म्हणून हातांत फोन घेऊन बांधावर चढली, बांध निसरडा होता, आणि ती सरळ खाचरांत बसली. स्त्रियांच्या रांगेंत हंशा पिकला. आदल्या दिवशीं पैसे देऊन घसरणारी मुलगी येथें विनामूल्य घसरली होती. परंतु ती उठली तेव्हां तिच्या खालीं नुकतींच लावलेलीं रोपें दबून गेलेलीं दिसलीं, आणि हंसणें थांबलें. एक स्त्री पुढें आली आणि आडवीं झालेलीं रोपें एकेक करून सरळ करूं लागली. तिनें रागाचा शब्द काढला नाहीं; परंतु हा देखावा नसून कोणाच्या तरी घरचें वर्षाचें अन्न आहे, हें मुलीला तेवढ्यानें समजलें. ती म्हणाली, "मावशी, चुकलें माझें. मी लावून देऊं?"

मुलीला लावणी येत नव्हती. वडील मदतीस उतरले. त्यांनीं रोपांची मूठ हातांत घेऊन पुढें पुढें जात लावावयास आरंभ केला आणि लावलेलें स्वतःच तुडविलें. लावणी मागें सरत करावयाची असते, हें त्यांच्या शिक्षणांत आलें नव्हतें. त्यांच्यामागून येणारी एक मुलगी त्यांचें प्रत्येक रोप मुकाट्यानें उपटून पुन्हां लावीत होती.

तेवढ्यांत गाडीचें मागील दार उघडलें. आजी खालीं उतरल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, कोणाचा हात न धरतां बांध उतरल्या, आणि शेजारच्या स्त्रीच्या हातून एक मूठ घेऊन वांकल्या. दोनतीन रोपें एका ठिकाणीं, फार खोल नाहीं, बोटांनीं चिखल सारून, एक पाऊल मागें. पुन्हां दोनतीन रोपें, एक पाऊल मागें. ओळ दोरी धरल्यासारखी सरळ येत होती. कोंकणांतील माहेरीं वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत त्यांनीं प्रत्येक आषाढांत हेंच केलें होतें. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्याविषयीं बोलण्याचा प्रसंगच आला नव्हता. रांगेंतील स्त्रियांनीं त्यांच्यासाठीं जागा केली. गुडघ्यांमुळें त्या दहा मिनिटांहून अधिक वांकूं शकल्या नाहींत. पण त्या दहा मिनिटांत घरांतील चौघे बांधावर उभे राहून एका अपरिचित स्त्रीकडे पाहत होते. मुलीच्या हातांत फोन होता. तिनें चित्र घेतलें नाहीं.

करमणुकीच्या बागेंत आश्चर्य ठराविक मिनिटांनीं पुन्हां घडतें; तें घडविणाऱ्याला तें पाठ असतें. त्यांत कांहीं वावगें नाहीं. हत्तीच्या पोटांतील माणूस, छायाचित्रांतील घाबरलेले वडील, कड्यांत बसलेले साहेब, हीं माणसें त्या बागेमुळेंच दिसलीं. परंतु तींही दिसलीं तीं व्यवस्थेच्या फटींतून. माणूस माणसाला खरा भेटतो तो दोघांचीही तयारी नसतांना. आणि सहलींत अशा रीतीनें भेटणारें माणूस परकेंच असतें असें नाहीं. वर्षभर एका छपराखालीं राहूनही ज्यांची भेट झालेली नसते, तीं घरचींच माणसें कित्येकदां घरापासून पन्नाससाठ किलोमीटरवर भेटतात. घरांत प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें: कोणी धीट, कोणी भित्रा, कोणी पिशव्या राखणारा. त्या वांटणीखालीं माणूस झांकला जातो. त्या दिवशींच्या राजगडासारखा तो असतो तेथेंच. दिसत नाहीं, इतकेंच.

म्हणून सहलीचा बेत करतांना एक दुपार मोकळी ठेवावी. रस्ता फोनला ठाऊक असला तरी फाट्यावर एखाद्या माणसास विचारावा, आणि त्यानें आपलें गांव विचारलें तर घाई न करतां सांगावें. बांधावरून चालतांना खालीं कोणाचें पीक आहे हें पाहून पाऊल टाकावें. आणि ज्या खोऱ्यास दाराशीं तिकीट नाहीं, तेथें पाहुण्यानें अधिकच जपून वागावें. पिशव्या राखण्याचें काम आळीपाळीनें करावें. दुसऱ्या दिवशीं पहाटे पेठेंत वर्तमानपत्र येईल, तेव्हां तें आणणाऱ्याला नांवानें हांक मारण्यास हरकत नाहीं.