उपचार दोन वर्षांचा, विम्याचा हिशेब कसा?



आमच्या गिरगावातल्या बचत गटाच्या बैठकीत कर्ज आणि व्याजावर तासभर बोलणं होतं. विम्याची पॉलिसी मात्र कपाटात घडी घालून ठेवलेली असते. गटातल्या एका ताईंना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, तेव्हा त्यांच्या यजमानांनी विचारलं, "केमोला एवढा पैसा लागतोय, तर यंदा विम्याचा हप्ता राहू दे का?" आज याच प्रश्नाबद्दल बोलू.

हा उपचार एका दमात संपत नाही. शस्त्रक्रिया, मग साधारण तीन-तीन आठवड्यांनी केमो, मग रेडिएशन. काही जणींना ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं वर्षभर घ्यावी लागतात. त्यामुळे मध्येच पॉलिसीचं वर्ष बदलतं. हे वर्ष जानेवारीपासून नव्हे, तर पॉलिसीवर छापलेल्या तारखेपासून मोजतात.

समजा, पॉलिसी ४ लाखांची आहे आणि वर्ष १ जुलै ते ३० जून. एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेचे २ लाख २० हजार झाले. जूनअखेर तीन केमो, प्रत्येकी ४० हजार, म्हणजे १ लाख २० हजार. एकूण ३ लाख ४० हजार. उरलेले ६० हजार पुढच्या वर्षात येत नाहीत. पण हप्ता वेळेवर भरला, तर १ जुलैला पुन्हा पूर्ण ४ लाख उपलब्ध होतात आणि उरलेले तीन केमो आणि रेडिएशन त्यातून होतात. पॉलिसी सगळ्या कुटुंबाची एकत्र असेल, तर ही रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते, हे विसरू नका.

आता आपल्या खिशातून काय जातं? २०२० पासून मिळणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत प्रत्येक दाव्याचे ५ टक्के आपण भरायचे असतात. वरच्या ३ लाख ४० हजारांवर ते १७ हजार होतात. वर्ष बदललं तरी ही कपात चालूच राहते. खोलीभाड्यालाही मर्यादा आहे. गोळ्यांच्या रूपातली केमो आणि काही नव्या इंजेक्शनांना विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच पैसे मिळतात. आणि टॉप-अप पॉलिसी असेल, तर ठरलेली पहिली रक्कम तिच्यातून मिळत नाही.

केमोसाठी रात्रभर राहावं लागत नाही, म्हणून दावा होत नाही, असं काही जणींना वाटतं. तसं नाही. केमो आणि रेडिएशन हे डे-केअर उपचार म्हणून धरले जातात. भरती होण्याआधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांचे पैसेही ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात. म्हणून प्रत्येक पावती जपा.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. हप्ता थांबवू नका. आधी दावा केला, या कारणावरून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत झालेला खर्च मिळत नाही. पॉलिसी बंद पडली, तर नव्या पॉलिसीत कर्करोग 'आधीपासूनचा आजार' ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवी पॉलिसी मिळेलच याचीही खात्री नाही. निदानानंतर रक्कम वाढवून घेतली, तर वाढीव भागाला पुन्हा प्रतीक्षा असते.

विमाच नसेल तर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्यापूर्वीच त्यांना भेटा. परळच्या टाटा रुग्णालयात फाइल काढतानाच समाजसेवा विभागात चौकशी करा.

दावा नाकारला, तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मुंबईतल्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि वहीत चार गोष्टी लिहा: वर्ष संपण्याची तारीख, विम्याची रक्कम, आपल्या वाट्याचे टक्के, खोलीभाड्याची मर्यादा. घरातल्या आणखी एका माणसाला ही वही कुठे आहे ते सांगून ठेवा.